तासाभराचा सामना

मी एका हायस्कुलात लिपिक आहे. मराठी घेऊन बी. ए. झाले, कविता करते, त्या अधूनमधून छापूनही येतात. पण घर चालतं ते जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म यांच्या जिवावर. खेळाशी माझा संबंध एवढाच, की खेळायला निघालेल्या मुलांचे कागद माझ्या टेबलावरून पुढे जातात. फुटबॉलमध्ये एका बाजूला किती खेळाडू असतात, हेसुद्धा मला पन्नाशी उलटेपर्यंत छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आणि तरी २०२३ सालच्या जुलैत आमच्या शाळेच्या सोळा मुलींना घेऊन कोल्हापूरला विभागीय स्पर्धेला गेले ती मीच.

त्याचं कारण अगदी साधं. मुलींचा संघ परगावी न्यायचा, तर बरोबर एक बाई लागते. आमचे क्रीडाशिक्षक पुरुष. शाळेत बाई तीन. एकीचं मूल सहा महिन्यांचं, दुसरीकडे मतदारयाद्यांचं काम, तिसरीचे सासरे इस्पितळात. मुख्याध्यापक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, फॉर्म तुम्हीच भरलेत. आता मुलीही तुम्हीच न्या.’’

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. इथे मुलं क्रिकेट खेळतात, मुली कबड्डी-खोखो खेळतात. फुटबॉल आला तो २०२२ च्या ऑक्टोबरात. सतरा वर्षांखालच्या मुलींची विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी भारतात झाली. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. आपल्या मुली तिन्ही सामने हरल्या. पहिल्याच सामन्यात अमेरिकेने आठ गोल चढवले. नवी मुंबईला अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं, तोही स्वयंगोलावर. सरांनी हे सामने मोबाइलवर दाखवले आणि दुसऱ्या दिवशी सात-आठ मुली चेंडू मागायला आल्या. आठ गोल खाल्लेला संघ बघून मुलींना खेळावंसं का वाटावं, हे मला आजही नीट उमगलेलं नाही. बहुधा आपल्याच वयाच्या मुली टीव्हीवर पळताना दिसल्या, तेवढं पुरे झालं असावं.

शाळांसाठी फुटबॉलची जी मोठी स्पर्धा आहे, ती सुब्रतो चषक. नाव ऐकून ती बंगालची असावी असं वाटतं. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी हे आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. देशातल्या शाळांची फुटबॉल स्पर्धा व्हावी ही कल्पना त्यांची, आणि १९६० मध्ये ती दिल्लीत सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टोकियोत त्यांचं आकस्मिक निधन झालं. यातली एक गोष्ट आमच्या जिल्ह्यातही फारशी कुणाच्या लक्षात नाही. त्यांच्या पत्नी शारदा मुखर्जी या माहेरच्या पंडित, म्हणजे मराठी. १९६२ आणि १९६७ अशा दोन्ही वेळा त्या लोकसभेवर निवडून गेल्या, त्या रत्नागिरीतून! पुढे त्या आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या राज्यपालही झाल्या. तेव्हा या चषकाचं आणि आमचं नातं तसं जुनं आहे. मात्र त्यात मुलींना जागा मिळाली ती २०१२ साली. मध्ये बावन्न वर्षं गेली.

या स्पर्धेची वाट अशी : आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी देशपातळी. आमचा विभाग कोल्हापूर. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे येतात. आमच्या जिल्ह्यात मुलींचे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे दोन सामने जिंकून आम्ही विभागाला पोचलो. मुलींनी गावात मिरवणूक काढायची तेवढी बाकी ठेवली होती.

पण मैदानावर जाण्याआधीचा सामना कागदांवर होतो. तो मी खेळले, म्हणून त्याबद्दल चार शब्द बोलायचा अधिकार मला आहे. प्रत्येक मुलीचा जन्मदाखला, जनरल रजिस्टरचा उतारा, आधार कार्ड, फोटोवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. या सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तंतोतंत जुळली पाहिजे. वयाबद्दल एवढी काटेकोर तपासणी का? तर मोठ्या वयाची मुलं लहान गटात उतरवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. म्हणून वरच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरूनही वय अजमावतात. महाराष्ट्रात माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख सोयीची, ती लिहिली. माझाही वाढदिवस १ जूनलाच येतो. आमच्या अम्माच्या म्हणण्याप्रमाणे मी जन्मले तेव्हा आंब्याला मोहोर होता. आताच्या मुलींचं तसं नाही, त्यांचे जन्म दवाखान्यात नोंदलेले असतात. तरीही सोळांपैकी पाच जणींच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे होतंच.

हा त्रास आमचाच नाही. २०१३ साली झारखंडमधल्या रांचीजवळच्या खेड्यांतल्या मुलींचा संघ स्पेनला स्पर्धेला गेला आणि तिथल्या गास्तेइझ चषकात तिसरा आला. ‘युवा’ नावाच्या संस्थेने तो संघ उभा केला होता. पासपोर्टसाठी जन्मदाखले काढताना त्या मुलींना जो त्रास सोसावा लागला, त्याच्या बातम्या तेव्हा पेपरांत आल्या होत्या. मला त्या वाचताना त्यांचे गोल नव्हे, ते दाखलेच दिसत होते.

कागदांनंतर घरची परवानगी. आमची गोलरक्षक मच्छीमाराची मुलगी, नववीतली. जून आणि जुलै हे दोन महिने किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, म्हणून तिचे वडील घरी होते, ओट्यावर जाळं शिवत बसलेले. हे एक बरं झालं. ते समुद्रावर असते, तर तिची आई एकटी हो म्हणालीच नसती. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘‘रात्री कुठे राहणार? बरोबर कोण?’’ मी म्हटलं, ‘‘मी.’’ त्यावर जाळ्याची एक गाठ मारून ते म्हणाले, ‘‘तुम्ही जाताय तर हरकत नाही.’’ म्हणजे मुलीचं खेळणं माझ्या जाण्यावर अडलेलं. अशा अकरा घरांत मी जाऊन आले. कवितेवर ज्यांनी कधी दोन शब्द विचारले नाहीत, त्यांनी एसटीचा नंबर, उतरण्याचं ठिकाण, मोबाइलचं चार्जिंग, सगळं विचारून घेतलं.

आणखी एक प्रश्न होता, आणि तो मला टाळायचा नाही. गोलरक्षक आणि डावीकडून खेळणारी एक, अशा दोघी डोक्याला स्कार्फ बांधतात. संघातल्या आमच्याच समाजाच्या आणखी चौघी बांधत नाहीत. ज्याची त्याची मर्जी. पण कुणीतरी गावात उठवलं, की तिथे पंच स्कार्फ काढायला लावतात. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. २००७ मध्ये कॅनडात अकरा वर्षांच्या एका मुलीला याच कारणावरून मैदानाबाहेर काढलं होतं. २०११ च्या जूनमध्ये इराणचा महिला संघ ऑलिम्पिकच्या पात्रता सामन्यासाठी जॉर्डनला गेला, आणि ऐन वेळी डोक्याच्या वस्त्रावरून सामना त्यांच्या हातून गेला. फुटबॉलचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि १ मार्च २०१४ ला ती कायम केली, बायकांना आणि पुरुषांनाही. त्यामुळे शीख मुलांच्या पटक्याचाही प्रश्न सुटला. आम्ही कोल्हापूरहून परतल्यावर थोड्याच दिवसांत, ३० जुलै २०२३ ला मोरोक्कोची नुहैला बेंझिना महिलांच्या विश्वचषकात हिजाब घालून खेळली. तसं खेळणारी ती पहिलीच.

मात्र परवानगीला अटी आहेत आणि त्या मला शिवणकामाच्या अंगाने फार आवडल्या. वस्त्र काळं असावं, नाहीतर जर्सीच्या मुख्य रंगाचं. एकाच संघातल्या सगळ्यांचं एकाच रंगाचं. जर्सीला जोडलेलं नसावं. गळ्याशी बंद-उघड करायचं धोकादायक काही नको आणि कुठलंही टोक बाहेर लोंबायला नको. थोडक्यात, टाचणी बंद. रोजच्या स्कार्फला तर तीन-तीन टाचण्या लागतात! मग गोलरक्षकाच्या खालाने जुन्या ताणाच्या बनियनच्या कापडातून दोन काळ्या टोप्या शिवल्या. कोल्हापुरात पंचांनी एकीच्या मानेमागे हात लावून विचारलं, ‘‘पिन नाही ना?’’ ती म्हणाली, ‘‘नाही सर.’’ झालं. ज्या प्रश्नाने गावात पंधरा दिवस झोप उडवली, तो असा पाच सेकंदांत संपला.

आम्ही एसटीने गेलो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च निम्म्यावर आला. पूर्ण तिकीट एकट्या सरांचं. साखरप्यावरून आंबा घाट, मलकापूर, बांबवडे आणि कोल्हापूर. घाटात चौघींना उलट्या झाल्या. राहण्याची सोय तिथल्या एका शाळेच्या वर्गात होती. बाकं भिंतीला लावून आम्ही सतरंज्या अंथरल्या. सतरा बायकांसाठी संडास दोन, त्यातल्या एकाला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरी दाराला पाठ लावून उभी राहायची. दोघींची पाळी होती. एकीला ती त्या रात्रीच आली, आणि हे सरांना कसं सांगायचं म्हणून ती रडवेली झाली होती. माझ्या पिशवीत पॅड होते, म्हणून सरांपर्यंत गोष्टच गेली नाही. मुलींच्या संघाबरोबर बाई का लागते, याचं उत्तर बहुतेक लोक ‘सुरक्षितता’ असं देतात. ते बरोबरच आहे. पण रात्री साडेअकराला मला त्याचा जो अर्थ कळला, तो मी नियमाच्या कागदावर कुठे वाचला नव्हता.

आता सामन्याकडे येते. त्यासाठी आधी आमच्या जमिनीबद्दल सांगायला हवं, कारण आमचा सामना जमिनीनेच ठरवला.

आमच्या गावात सपाट मऊ मैदान नाही. उन्हाळ्यात मुली ओहोटीच्या वेळी पुळणीवर खेळायच्या. पाणी मागे हटलं की ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर धावता येतं. पण ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे शाळा सुटायला आणि ओहोटी लागायला गाठ पडते ती पंधरवड्यातले पाच-सहा दिवस. आमच्या कार्यालयात वेळापत्रकाशेजारी सरांनी भरती-ओहोटीचा तक्ता लावला होता. पाऊस लागला की पुळण समुद्राची. मग सराव वरच्या सड्यावर. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. पावसात त्यावर बोटभर गवत येतं आणि लांबून हिरवंगार मैदान दिसतं. त्या गवतावर भुलून जो पडला, त्याच्या गुडघ्याची साल गेलीच. म्हणून आमच्या मुली एक गोष्ट फार उत्तम शिकल्या होत्या : पडायचं नाही. तोल सांभाळून, पायावर राहून खेळायचं. बघणाऱ्याला ते फार डौलदार वाटे. मलाही वाटलं होतं.

आणि कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. जिथे कुस्ती, तिथेच फुटबॉल. त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जशी गर्दी होते, तशी आमच्याकडे उरुसालाच. आमच्यापुढे उभा राहिलेला संघ त्याच शहराचा. एकीचा भाऊ खेळणारा, एकीचा चुलता खेळलेला. मैदान मातीचं, रात्रभर पाऊस पडून गेलेला, मधोमध चिखल.

पहिल्या दहा मिनिटांतच फरक दिसला. आमची मुलगी चेंडू घेऊन निघाली, की समोरची अंग टाकून चिखलावरून घसरत यायची आणि पायातला चेंडू अलगद काढून न्यायची. आमच्या मुली अवाक. हे नियमात बसतं का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘चेंडू आधी लागला तर बसतं. आपल्याकडे शिकवणार कुठे? कातळावर?’’ गोलरक्षकाचं तेच. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाचं निम्मं काम सूर मारण्याचं. उभ्या माणसाच्या हाताच्या पल्ल्याबाहेर दोन्ही बाजूंना गोलची मोठी जागा मोकळी असते. ती अंग झोकूनच झाकायची. आमची पोर उभ्याउभ्या हात लांब करायची आणि चेंडू बोटांपासून वीतभर अंतरावरून आत जायचा. मध्यंतरापर्यंत तीन गोल झाले.

मध्यंतरात ती माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. हातमोजे काढून तिने मैदानातला चिखल चिमटीत घेऊन बघितला, आमच्या बायका बाजारात पीठ बघतात तसा. म्हणाली, ‘‘मॅडम, हे मऊ आहे.’’

दुसऱ्या अर्ध्यात पाच-सात मिनिटं गेली असतील. उजवीकडून एक फटका आला आणि ही पोर आडवी झाली. खरीखुरी आडवी. चेंडू तिच्या मनगटाला लागून बाहेर गेला. ती उठली तेव्हा एका बाजूने पूर्ण चिखल, टोपीसकट. आणि हसत होती! त्यानंतर ती जे पडत सुटली, ते शेवटपर्यंत. दोन-तीन वेळा तर गरज नसताना पडली. चौथा गोल झालाच. पण अर्ध्यात एकच. बाकीच्या मुलीही घसरायला लागल्या. एकीने चेंडूऐवजी पाय लावून पिवळं कार्ड घेतलं, ते तिने पुढे महिनाभर कौतुकाने सांगितलं. शिट्टी वाजली. ०-४. आम्ही स्पर्धेबाहेर.

इथे मला स्पर्धेची रचना समजावून सांगितली पाहिजे, कारण माझी तक्रार तिच्याबद्दल आहे. बाद पद्धतीत हरला तो घरी जातो. आठ संघ असतील, तर विजेता ठरवायला सात सामने पुरतात. कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि सात बाद व्हायला हवेत. ही पद्धत स्वस्त आहे. मैदान एक, पंच दोन-तीन, काम दीड-दोन दिवसांत आटोपतं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की आठांतले चार संघ एकच सामना खेळून परत जातात. साखळी पद्धतीत चार-चारांचे दोन गट केले, तर प्रत्येकाला तीन सामने मिळतात, पण एकूण सामने होतात पंधरा. दिल्लीच्या अंतिम फेरीत आधी साखळी खेळवतात, ती याचसाठी. विभागाला एवढे दिवस आणि पैसे नसतात, हे मला कार्यालयात बसणाऱ्या बाईला सांगायला नको.

पण मधली वाट आहे. पहिल्या फेरीत हरलेल्या चार संघांचे आपापसात दोन सामने ठेवायचे. सातचे नऊ होतील, एवढंच. मुलग्यांचं ठीक आहे; ते पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात जाऊन खेळतील, त्यांना कोण विचारतो? आमच्या मुलींनी घराबाहेर एक रात्र काढायला पंधरा दिवस घेतले, अकरा घरांच्या ओट्यांवर बोलणी झाली, आणि खेळल्या किती? तासभर. त्यातही गोलरक्षक सूर मारायला शिकली तेव्हा वीस मिनिटं उरली होती. ते शिकलेलं दुसऱ्या दिवशी वापरायला मिळालं असतं, तर ती कुठपर्यंत गेली असती हे मला बघायचं होतं.

परतताना घाटात झाड पडलं होतं. दोन तास गाडी उभी, फोनला रेंज नाही. मुली आधी गाणी म्हणत होत्या, मग झोपल्या. गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. पावसात बॅटऱ्या घेऊन दहा-बारा माणसं उभी. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. गोलरक्षकाच्या वडिलांनी मुलीच्या अंगावर बॅटरी मारली आणि विचारलं, ‘‘हे काय, पडलीस?’’ ती म्हणाली, ‘‘पडले नाही बाबा, सूर मारला.’’ ते दोघं बोलत पुढे गेले. बाकी काय बोलले ते पावसात ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी, २०२४ ला, आम्ही जिल्ह्यातच हरलो. कोल्हापूरला जायचा प्रश्न आला नाही. पण त्या पावसाळ्यात शाळेमागच्या पडीक खाचरात, गुडघाभर चिखलात, गोलरक्षक लहान वर्गातल्या तीन मुलींना सूर मारायला शिकवत होती. त्यांचे गणवेश बघून आयांच्या तक्रारी माझ्याच टेबलावर आल्या.

हरलेल्या संघांना एक जादा सामना मिळावा, असा अर्ज मी शाळेतर्फे तयार केला, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि पाठवला. जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक आणि तारीख आहे. आवक नोंदवहीत त्याचं उत्तर अजून चढलेलं नाही.